तीर्थाची वाट आणि शाळेची पायरी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मंडळाच्या यात्रा-समितीने येत्या वर्षी त्र्यंबकेश्वरच्या सामुदायिक यात्रेचा संकल्प केला आहे. त्या यात्रेला जोडून वाटेवरील शाळांतील मुलांची काही सेवा आपल्या हातून घडावी, अशी सूचनाही कार्यकारिणीपुढे आली आहे. या सूचनेवर आपापसांत जी बोलणी झाली ती माझ्या कानांवर आहेत. कोणी म्हणतात, यात्रा ही भक्तीसाठी आहे. तिच्यात समाजकार्याची भेसळ कशाला? कोणी म्हणतात, शाळा चालविणे हे सरकारचे काम. आपण त्यात पडण्याचे कारण नाही. आणि कित्येकांचे म्हणणे असे की, आपल्याच ज्ञातीतील गरजू विद्यार्थ्यांना पुरेशी मदत होत नसताना परक्या मुलांसाठी पैसा खर्च करणे न्यायाचे होणार नाही. यांपैकी एकही आक्षेप क्षुल्लक नाही. म्हणूनच या विषयावर चार शब्द बोलावेत अशी आज्ञा अध्यक्षांनी केली, तेव्हा मी ती आनंदाने शिरसावंद्य मानली. माझे सारे आयुष्य फळा आणि खडू यांच्या सहवासात गेले. विद्वत्तेचा अधिकार माझ्यापाशी नाही. परंतु शाळेची पायरी चढणारे मूल आणि ती पायरी उतरून कायमचे निघून जाणारे मूल, या दोघांनाही मी जवळून पाहिले आहे. त्या अनुभवाच्या आधारावर मी बोलणार आहे.

आपण नाशिकचे लोक तीर्थाच्या दारातच राहतो. ज्या रामकुंडावर स्नान करण्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येतात, तेथून आपण रोज भाजीची पिशवी घेऊन जातो. बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत आला म्हणजे रामकुंड आणि कुशावर्त येथे जो जनसागर लोटतो, तो आपल्याला काही नवीन नाही. अतिपरिचयाने एक तोटा मात्र होतो. तीर्थ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न आपल्याला पडेनासा होतो. तीर्थ या शब्दाचा मूळ अर्थ पाण्यात उतरण्याची जागा, जेथून पलीकडे जाता येते तो उतार. जी जागा माणसाला ज्या तीरावर तो आहे त्या तीरावरून पुढे नेते, ती तीर्थ. हा अर्थ ध्यानात घेतला म्हणजे यात्रेत दान का सांगितले आहे तेही उमगते. स्नान, दर्शन, प्रदक्षिणा आणि दान ही आपल्या पूर्वजांनी एकाच माळेत ओवलेली मणी आहेत. घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे ही सारी यात्रेच्या वाटेवरच उभी राहिली. पुण्यश्लोक अहल्यादेवी होळकरांनी तीर्थोतीर्थी जे घाट बांधले ते काही स्वतःच्या स्नानासाठी बांधले नाहीत. यात्रेत सेवेची भेसळ होते, हा आक्षेप म्हणूनच मला मान्य होत नाही. सेवा ही यात्रेच्या बाहेरची वस्तू कधीच नव्हती. काळाप्रमाणे तिचे रूप तेवढे पालटत आले. ज्या काळी वाटसरूला पाणी मिळणे कठीण होते त्या काळी विहीर हे दान ठरले. आज त्या वाटेवर कशाची उणीव आहे, हे पाहून दानाचे रूप ठरविले पाहिजे, इतकेच.

आता आपण ज्या स्थळी जाणार आहोत त्याचा विचार करू. त्र्यंबकेश्वर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. आजचे भव्य मंदिर नानासाहेब पेशव्यांनी बांधावयास घेतले. गावाच्या पाठीशी ब्रह्मगिरी उभा आहे आणि त्याच्या माथ्यावर गोदावरीचा उगम आहे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी या ब्रह्मगिरीची फेरी करण्यासाठी हजारो स्त्री-पुरुष चिखल तुडवीत, पाऊस अंगावर घेत चालतात. आणि पौष वद्य एकादशीला खानदेश, मराठवाडा, नगर या बाजूंनी दिंड्या पायी येतात, त्या येतात श्रीनिवृत्तिनाथांच्या भेटीला. नाथांची समाधी येथे आहे. शके १२१९, म्हणजे इसवी सन १२९७, च्या ज्येष्ठ वद्य द्वादशीला त्यांनी समाधी घेतली, असे परंपरा सांगते. दर वर्षी आषाढीसाठी त्यांची पालखी येथूनच पंढरीच्या वाटेला लागते.

निवृत्तिनाथांची कथा आपण कीर्तनांतून कितीतरी वेळा ऐकली असेल. आज ती एका शिक्षकाच्या दृष्टीने ऐकावी, अशी माझी विनंती आहे. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला आणि गुरूंच्या आज्ञेने ते पुन्हा गृहस्थाश्रमात आले, म्हणून आळंदीच्या ब्रह्मवृंदाने त्या कुटुंबाला वाळीत टाकले. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई ही चार मुले. मोठ्याचे मुंजीचे वय झाले; पण मुंज लावण्यास कोणी धजेना. त्या काळी मुंज नाही याचा सरळ अर्थ, विद्येचे दार बंद. अशा स्थितीत आई-बाप मुलांना घेऊन त्र्यंबकास आले आणि ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करू लागले. एके रात्री प्रदक्षिणेच्या वाटेवर वाघ आडवा आला, सगळ्यांची पांगापांग झाली, आणि निवृत्ती वाट चुकून एका गुहेत शिरला. तेथे गहिनीनाथ बसलेले होते. त्यांनी त्या भ्यालेल्या मुलाला जवळ घेतले, त्याला उपदेश केला, आणि नाथसंप्रदायाचे ज्ञान त्याच्या पदरात घातले.

बंधुभगिनींनो, या कथेत मला फार मोठा अर्थ दिसतो. गावाने ज्याला विद्येचा अधिकार नाकारला, त्याला तो यात्रेच्या वाटेवर मिळाला. गहिनीनाथांनी त्याला तुझी जात कोणती, तुझा बाप कोण, तुझे शुद्धिपत्र कोठे आहे, असे विचारले नाही. मूल दाराशी आले, त्याला शिकण्याची ओढ आहे, एवढे त्यांना पुरे झाले. आणि निवृत्तिनाथांनीही मिळालेले ज्ञान आपल्यापुरते ठेवले नाही. ते धाकट्या भावाला दिले आणि त्या भावाने शके १२१२ मध्ये, नेवाशाला, गीतेचा अर्थ लोकांच्या भाषेत उघडा केला. आज आपण ज्ञानेश्वरीचे पारायण करतो, तेव्हा वाट चुकलेल्या एका मुलाला कोणीतरी शिकविले, या घटनेचेच आपण स्मरण करीत असतो. ज्या डोंगराच्या फेरीला आपण निघालो आहोत त्या डोंगराचा महिमा असा आहे. मग त्या फेरीच्या वाटेवर आजही शाळेपासून दुरावणारी मुले असतील, तर त्यांच्याकडे पाठ फिरवून आपली प्रदक्षिणा पूर्ण होईल काय?

दुसरे स्मरण करावयाचे ते गाडगेमहाराजांचे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या या पुरुषाने १९०५ साली घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि डोक्यावर गाडगे अशा वेशात त्यांनी सारा महाराष्ट्र पायांखाली घातला. यात्रा भरली की बाबा तेथे हजर. दिवसा यात्रेची घाण झाडायची आणि रात्री कीर्तनातून माणसांच्या मनांतली घाण झाडायची, असा त्यांचा क्रम होता. नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू या ठिकाणी त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. आपल्या गावातील धर्मशाळेने आजवर किती गोरगरिबांना आसरा दिला असेल, याची गणती नाही.

परंतु बाबांची दृष्टी धर्मशाळेपाशी थांबली नाही. जेवणाचे ताट मोडावे लागले तरी हातावर भाकरी घेऊन खा, पण मुलाला शाळेत घाला, हे ते प्रत्येक कीर्तनात सांगत. स्वतः निरक्षर असलेला हा साधू कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पाठीशी उभा राहिला, आणि कर्मवीरांनी १९५४ साली कऱ्हाडला निघालेल्या महाविद्यालयाला त्यांचे नाव दिले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. यात्रेकरूंच्या निवाऱ्याची वास्तू विद्यार्थ्यांच्या निवाऱ्यासाठी देऊन टाकण्यात बाबांना काही विसंगत वाटले नाही. १९५६ च्या २० डिसेंबरला बाबा गेले. परंतु त्यांच्या नावाने चाललेल्या संस्थेच्या आश्रमशाळा पुढेही मुलांना शिकवीत राहिल्या. भक्ती आणि शिक्षण यांचा सांधा कसा जुळवावा हे ज्यांना पाहावयाचे असेल, त्यांना या चरित्राहून दुसरा आदर्श शोधण्याची गरज नाही.

आता मी सर्वांत अवघड आक्षेपाकडे वळतो. आपली मुले आधी, की परकी मुले आधी?

ज्ञातिसंस्थांचा इतिहास आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. ज्या काळी खेड्यातील मुलाला शिकण्यासाठी शहरात यावे लागे आणि शहरात त्याला राहण्या-जेवण्याची सोय नसे, त्या काळी या संस्था जन्मास आल्या. कोणी माधुकरी मागून शिकले, कोणी सात घरी सात वार लावून जेवले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. आणि एखादा वार लागला नाही तर त्या दिवशी पाणी पिऊन अभ्यास. कोल्हापुरात राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढले, आणि मागोमाग जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य गणलेले समाज, शिंपी, दैवज्ञ, सारस्वत अशा अनेक समाजांची वसतिगृहे तेथे उभी राहिली. आपल्या नाशकात १९१४ साली मराठा विद्या प्रसारक समाज स्थापन झाला. उदाजी मराठा बोर्डिंगच्या इमारतीची कोनशिला बसविण्यास स्वतः शाहू छत्रपती १९२० साली येथे आले होते. पुण्यात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघाले. ज्ञातीज्ञातींचे विद्यार्थिनिधी, शिष्यवृत्त्या, बक्षिससमारंभ हे सारे त्याच प्रेरणेचे फळ आहे. त्या निधीवर शिकलेली माणसे आज या सभागृहात बसलेली आहेत, ही मोठ्या अभिमानाची गोष्ट होय.

परंतु त्या सात वारांचा आपण बारकाईने विचार करावा. ती सातही घरे एकाच ज्ञातीची असत काय? पुष्कळदा असत, पण सर्वदा नसत. जे घर परजातीच्या मुलाला पानावर बसवून घेई, त्या घराचे नाव शिकून मोठा झालेला माणूस मरेपर्यंत विसरत नसे. आपले पूर्वज शिकले ते आपल्यांच्या मदतीने शिकले हे खरे. आणि परक्यांच्या औदार्याने शिकले हेही तितकेच खरे. त्या दुसऱ्या ऋणाची फेड आपल्याच ज्ञातीच्या मुलाला मदत करून होत नाही. ती दुसऱ्याच कोणाच्या दारात जाऊन करावी लागते.

याच नाशिकच्या इतिहासाचे दुसरेही एक पान आहे. १९३० सालच्या मार्चच्या २ तारखेला काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो वर्षानुवर्षे चालविला, तरी मंदिराची दारे त्यांच्यासाठी उघडली नाहीत. तीर्थक्षेत्रात राहून माणसांना दाराबाहेर ठेवण्याचे हे पाप आपल्या शहराच्या कपाळी लागले आहे. ते धुण्यास केवळ रामकुंडाचे पाणी पुरणार नाही. ज्ञातिसंस्था ही आपल्या माणसांना एकत्र आणण्यासाठी असावी, इतरांना बाहेर ठेवण्यासाठी नसावी, असे मला वाटते.

आणि नाशिकने हेही दाखविले आहे की परक्यांच्या मुलांसाठी आयुष्य वेचता येते. गुजरातेत दाहोदला ठक्करबाप्पांनी १९२२ साली भिल्ल सेवा मंडळ काढले. त्याच वळणावर दादासाहेब बिडकरांनी १९३७ साली नाशकात डांग सेवा मंडळाची स्थापना केली आणि पेठ-सुरगाण्याच्या डोंगराळ मुलखातील आदिवासी मुलांसाठी शाळा व वसतिगृहे उभी केली. ज्या काळी त्या भागात धड रस्ते नव्हते त्या काळची ही गोष्ट आहे. त्या मानाने आपल्यापुढील सूचना ती किती लहान!

आता त्या वाटेवर आज उणीव कशाची आहे ते पाहू. त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा हा सारा पट्टा कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकर या समाजांचा. पावसाळ्यात येथे आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो. भात, नागली, वरई ही पिके येतात. परंतु पाणी उतारावरून वाहून जाते. दिवाळीला पीक घरात येते, आणि मग दुसऱ्या पिकाला पाणी नाही. ज्या डोंगरातून गोदावरी निघते त्याच डोंगराच्या कुशीतल्या वाड्यापाड्यांतील बायका फाल्गुन-चैत्रात हंडाभर पाण्यासाठी पायपीट करतात. यापरते दुर्दैव ते कोणते! म्हणून दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे घरांना कुलुपे लावून दिंडोरी, निफाड, नाशिक तालुक्यांतील द्राक्षबागांवर मजुरीला जातात. द्राक्षांची विरळणी, खुडणी, बागेची इतर कामे आटोपेपर्यंत त्यांचा मुक्काम बागेच्या बांधावर असतो. आपण ज्या गोड द्राक्षांचे घड घरी आणतो, त्यांच्यामागे हे स्थलांतर आहे.

यात मुलांचे काय होते? सरकार काही करीत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि तो २०१० च्या एप्रिलपासून अमलात आला. पाठ्यपुस्तके शाळेतून मिळतात, दुपारचे जेवण शाळेत मिळते. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा आहेत, आणि त्या विभागाचे आयुक्तालय आपल्याच नाशकात आहे. आई-बाप स्थलांतर करून गेले तरी मूल गावात राहून शिकावे, यासाठी राज्यात हंगामी वसतिगृहांची योजनाही निघाली. परंतु कायदा मुलाचे नाव हजेरीपटावर घालू शकतो. मुलाला वर्गात बसवू शकत नाही. थोरली बहीण धाकट्याला सांभाळण्यासाठी बागेवर जाते, आणि तिचे नाव पटावर राहूनही ती शाळेतून गेलेली असते. दोन महिने वर्ग बुडाला की गणित सुटते. गणित सुटले की लाज वाटते. लाज वाटली की मूल परत येतच नाही. पुढच्या वर्षी ते सांभाळणारे राहत नाही, मजूर होते. शिक्षकी पेशात मी ही उतरंड पुन्हा पुन्हा पाहिली आहे.

आता पंचांग उघडून पाहा. आपली निवृत्तिनाथांची यात्रा पौषात येते. म्हणजे ज्या दिवसांत आपण टाळ-मृदंगाच्या गजरात त्र्यंबकाकडे चढत जातो, नेमक्या त्याच दिवसांत त्या भागातील मुले आई-बापांच्या मागून उतरत बागांकडे जात असतात. दोन्ही वाटा एकच आहेत. दिशा मात्र उलट. मी या भागातील एका गुरुजींना विचारले, आमच्या मंडळाने तुमच्या मुलांसाठी काय आणावे? त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "आणू नका काही. पौष ते चैत्र ही मुले वर्गात राहतील असे काही करता आले तर करा." मला वाटते, आपल्या साऱ्या चर्चेचे सार त्या दोन वाक्यांत आले आहे.

तेव्हा सेवा करावयाची ती कशी, याविषयी माझे काही विचार मी नम्रपणे मांडतो.

पहिली गोष्ट, न विचारता काही नेऊ नये. एकाच शाळेला तीन-तीन मंडळे वह्या देतात आणि पलीकडच्या पाड्यावरील शाळेला कोणी ठाऊकही नसते, असे पुष्कळदा घडते. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती यांना आधी भेटावे. काय हवे ते त्यांनी सांगावे. कोठे पावसाळी चप्पल आणि छत्री हवी असेल, कोठे थंडीसाठी घोंगडी, कोठे चष्मा, कोठे दिवा, आणि कोठे फक्त संध्याकाळी मुलांना घेऊन बसणारा एखादा शिकलेला तरुण.

दुसरी गोष्ट, मुलांचा अभ्यासाचा वेळ घेऊ नये. पाहुणे येणार म्हणून सकाळपासून मुलांना रांगेत उभे करणे, स्वागतगीत बसवून घेणे, आणि पाहुण्यांची गाडी दुपारी येणे, हे प्रकार मी शिक्षक असताना पाहिले आहेत. त्या दिवसाचा पाठ बुडतो आणि मुलांच्या मनात एवढेच राहते की, देणारे मोठे आणि आपण लहान. आपण जावे, बसावे, त्यांचा पाठ ऐकावा, त्यांच्याकडून त्यांच्या रानातील झाडांची नावे शिकावीत. आपल्या शहरी मुलांना त्यांतली निम्मीही ठाऊक नसतील.

तिसरी गोष्ट, देताना छायाचित्रे काढण्याचा मोह टाळावा. ज्या मुलाच्या हातात आपण वस्तू ठेवतो त्याला उद्या त्याच गावात मान वर करून राहावयाचे आहे. आपल्या शास्त्रांनी गुप्तदान श्रेष्ठ मानले ते उगाच नव्हे. स्मरणिकेत आपल्या यात्रेचे छायाचित्र अवश्य छापावे. पण ते दिंडीचे असावे, घेणाऱ्या हातांचे नसावे.

चौथी गोष्ट, आणि मला वाटते ही सर्वांत महत्त्वाची, एकदा जाऊन थांबू नये. प्रदक्षिणा म्हणजे जेथून निघालो तेथे पुन्हा येणे. श्रावणातील फेरीच्या दिवसांत शाळा भरलेल्या असतात आणि कुटुंबे शेतीसाठी गावातच असतात. त्या वेळी जावे, मात्र गर्दीच्या सोमवारी न जाता शाळेच्या सोयीच्या दिवशी जावे आणि वर्गातील मुले मोजावीत. पौषात नाथांच्या यात्रेला जाताना पुन्हा जावे आणि पुन्हा मोजावीत. श्रावणात होती आणि पौषात नाहीत अशी मुले किती, ती कोठे गेली, त्यांच्यापैकी कोणाला गावात आजी-आजोबांपाशी ठेवता आले असते, आणि त्यासाठी त्या म्हाताऱ्यांच्या घरी काय पोहोचवावे लागले असते, हे गुरुजींशी बसून ठरवावे. दोन पोती धान्य आणि संध्याकाळच्या शिकवणीची सोय एवढ्यानेही एखादे मूल वर्गात टिकू शकेल. पाच शाळांना एकेकदा भेट देण्यापेक्षा एका शाळेत पाच वर्षे जाणे अधिक फलदायी होईल, असे माझे मत आहे.

आता पैशाचा प्रश्न. आपल्या विद्यार्थिनिधीतील एक पैही या कामाकडे वळवू नये, हे मी स्पष्टपणे सांगतो. तो निधी ज्या हेतूने जमला त्याच हेतूने खर्च झाला पाहिजे, आणि त्यातून शिकणाऱ्या आपल्या एकाही मुलाच्या शिष्यवृत्तीला कात्री लागता कामा नये. यात्रा-सेवेचे खाते निराळे असावे. यात्रेचा खर्च आपण थोडा आटोपशीर केला, मुक्कामातील पक्वान्ने एका वेळेपुरती कमी केली, हारतुरे आणि शाली यांना फाटा दिला, तर पुष्कळ भागेल. एकादशीला तर आपण उपवासच करतो. त्या दिवशी वाचलेले अन्न साबुदाण्याच्या रूपाने दुप्पट पोटात घालण्याऐवजी त्याची किंमत या खात्यात टाकली, तर उपवासाला खरा अर्थ येईल. आणि त्या खात्याचा जमाखर्च दर वर्षी याच स्मरणिकेत, आजीव सभासदांच्या यादीइतक्याच ठळक अक्षरांत छापावा.

एक विनंती पालकांना. या यात्रेला आपापली मुले अवश्य आणावीत. मंडळातर्फे वस्तू देण्याचे काम त्यांच्याकडून करवून घ्यावे असे मात्र मी म्हणत नाही. त्यांनी त्या मुलांबरोबर पाटावरचे गणित सोडवावे, विटी-दांडू खेळावा, दुपारच्या जेवणाला पंगतीत शेजारी बसावे आणि आपले ताट आपण घासावे. समान पंगतीत बसलेले मूल मोठेपणी कोणाला बाहेर ठेवण्यास सहजासहजी तयार होत नाही. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. वय, जात, श्रीमंती काही पाहत नाहीत. त्या रिवाजाची ओळख मुलांना यात्रेतच व्हावी.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. दिंडी पायी जाते तेव्हा तिचा मुक्काम वाटेवरच्या गावांत पडतो. देवळात जागा नसली की कोठे पडतो? शाळेच्या पडवीत. आपण शाळेच्या फरशीवर पथारी पसरतो, शाळेच्या नळाचे पाणी पितो, सकाळी उठून पुढे जातो. त्या पडवीने आपल्याला पावसापासून वाचविलेले असते. तेव्हा शाळेला काही देणे हा आपल्याकडून उपकार नसून, मुक्कामाचे भाडे चुकते करणे होय. हा भाव मनात असला म्हणजे दात्याचा अहंकार आपोआप गळून पडेल आणि घेणाऱ्याला संकोच वाटणार नाही.

सरकारने करावयाचे ते सरकारकडून करवून घ्यावे. बंद पडलेले हंगामी वसतिगृह, रिक्त राहिलेली शिक्षकाची जागा, गळके छप्पर यांसाठी मंडळाने लेखी अर्ज करावेत, पाठपुरावा करावा. आपल्यापैकी कित्येक जण कचेऱ्यांत काम करून निवृत्त झाले आहेत. अर्ज कोणाच्या टेबलावर अडतो हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? हाही सेवेचाच प्रकार आहे आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

बंधुभगिनींनो, मी फार वेळ घेतला. माझी सूचना मी आता ठरावाच्या रूपाने मांडतो. आपल्या मंडळाने त्र्यंबकेश्वर परिसरातील एक शाळा, तेथील गुरुजी व व्यवस्थापन समिती यांच्या संमतीने, पाच वर्षांसाठी आपली मानावी. श्रावणात आणि पौषात, यात्रेच्या निमित्ताने, तेथे जावे. या कामाचे खाते विद्यार्थिनिधीपासून निराळे ठेवावे. आणि आपल्या कार्याचा हिशेब वाटलेल्या वह्यांच्या संख्येवर न करता, पौषात वर्गात राहिलेल्या मुलांच्या संख्येवर करावा.

हा ठराव मान्य करावयाचा की नाही हे सभेने ठरवावे. ज्यांचे मत याहून वेगळे आहे त्यांनी ते निःसंकोच मांडावे. मतभेदाने काम शुद्ध होते. माझ्या मनात मात्र एवढी एकच इच्छा आहे की, पुढील पौषात आपण नाथांच्या समाधीपुढे हात जोडून उभे राहू, तेव्हा डोंगरापलीकडच्या एखाद्या पाड्यावर शाळेची घंटा झालेली असावी, आणि गेल्या वर्षी बागेवर गेलेली एखादी मुलगी या वर्षी आपल्या बाकावर बसून हजेरी देत असावी.

 श्रीनिवृत्तिनाथ आपणा सर्वांस या कार्यात सुबुद्धी आणि चिकाटी देवोत, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.